डिर्क पासर : चित्रपटांत अर्धाच सापडणारा नट

रंगपेटी

डेन्मार्कच्या सिनेमाची चर्चा आपल्याकडे कार्ल ड्रायरपासून सुरू होते आणि लार्स फॉन ट्रिअरपाशी संपते. त्यात गैर काहीच नाही. पण १९५५ साली ड्रायरच्या 'ओर्डेट'ला व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला, त्या सुमारास कोपनहेगनमधला सर्वसाधारण प्रेक्षक ज्या नटासाठी पदरचे पैसे मोडून थिएटरात जात होता त्याचे नाव डिर्क पासर होते, आणि हे नाव उत्तर युरोपाबाहेर आज जवळजवळ कोणाला ठाऊक नाही. या धाग्यात त्याच्या कारकिर्दीविषयी सविस्तर लिहायचा विचार आहे.

१८ मे १९२६ रोजी कोपनहेगनमध्ये जन्मलेला हा उंच, तांबूस केसांचा आणि स्वभावाने कमालीचा बुजरा माणूस चाळीसच्या दशकात रंगभूमीवर आला, पुढे नव्वदीच्या घरात चित्रपट करून गेला, आणि ३ सप्टेंबर १९८० रोजी तिवोली उद्यानातल्या रेव्ह्यूचा प्रयोग सुरू होण्याच्या बेतात असताना विदूषकाच्या वेशातच पडद्यामागे कोसळला. तेव्हा त्याचे वय अवघे ५४ होते. एवढे वाचल्यावर कोणीही त्याच्या चित्रपटांची यादी काढून बसेल. माझे म्हणणे मात्र असे आहे की पासरला त्याच्या चित्रपटांवरून जोखू नये, कारण त्याचा खरा धंदा रेव्ह्यूचा होता आणि रेव्ह्यूत जे घडत असे त्यातले फार थोडे कॅमेऱ्याच्या हाती लागले.

रेव्ह्यू म्हणजे गाणी, नाच, छोटी प्रहसने आणि चालू घडामोडींवरचे टोमणे यांचा एकत्र गुंफलेला रंगमंचीय कार्यक्रम. इतर देशांतही तो होताच. पण डेन्मार्कमध्ये त्याला जी प्रतिष्ठा आहे तिचे एक कारण युद्धकाळात सापडते. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजांनी देश ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी लिव्हा वेल या गायिका-अभिनेत्रीने एका रेव्ह्यूत पोउल हेनिंग्सेनचे एक गीत गायले. वरवर पाहता ते प्रेमातल्या बंधनांविषयी होते. तोंड आणि हात बांधता आले तरी मन बांधता येत नाही हा त्याचा रोख मात्र सभागृहातल्या प्रत्येकाला कळत होता. (हा हेनिंग्सेन म्हणजे ज्याच्या थराथरांच्या दिव्यांच्या नकला आज जगभरच्या फर्निचरच्या दुकानांत टांगलेल्या दिसतात तोच. माणूस वास्तुरचना, दिवे, टीका आणि रेव्ह्यूची पदे या सगळ्यांत सारख्याच उत्साहाने लुडबुड करीत असे.) तेव्हा पासर चौदा वर्षांचा होता. तो ज्या क्षेत्रात पुढे शिरला ते लोकांच्या मनात आधीच मानाने बसलेले होते, ही गोष्ट त्याच्याविषयी वाचताना विसरता कामा नये.

त्याच्या आयुष्यातला निर्णायक माणूस म्हणजे केल पेटर्सन. हा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, अंगाने भरलेला, रंगमंचावर चटकन तापणारा नट. दोघांनी 'केलरडिर्क ब्रदर्स' या नावाने जोडी जमवली, आणि पन्नासच्या दशकात फ्रेडरिक्सबर्ग भागातल्या ए.बी.सी. थिएटरात, स्टिग लॉमर या दिग्दर्शक-निर्मात्याच्या छत्राखाली, ती डेन्मार्कची सर्वांत लाडकी जोडी ठरली. लॉमर हा मोठा व्यवहारी माणूस होता. एका बाजूला 'लॉमरच्या मुली' म्हणून गाजलेला नर्तिकांचा ताफा आणि दुसऱ्या बाजूला हे दोघे, एवढ्या भांडवलावर तो हंगामामागून हंगाम थिएटर भरत असे.

या जोडीची रचना समजून घेण्याजोगी आहे. पेटर्सनचे पात्र जगाच्या नियमांवर विश्वास असलेले असे: त्याला काही तरी सांगायचे, विकायचे किंवा शिकवायचे असे. पासरचे पात्र त्याच्यासमोर येऊन उभे राही आणि ते नियम मोडतही नसे. ते त्याला कळलेलेच नसत. समजावून सांगितलेले तो निरागसपणे ऐके, मान डोलावी आणि मग असा काही प्रश्न विचारी की पेटर्सनला पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. हळूहळू पेटर्सनचा पारा चढत जाई, आणि तो चढत असताना पासर संहिता सोडून बाजूला सरकू लागे. सहकलाकाराला रंगमंचावरच हसू फुटावे यासाठी तो काय करील याचा नेम नसे. अशा वेळी पेटर्सनचे काम दुहेरी होई: पात्र म्हणून रागावायचे आणि नट म्हणून प्रहसनाची दोरी हातातून सुटू द्यायची नाही. लोक हसत ते पासरला, पण तो हशा उभा राही पेटर्सनच्या भिंतीला टेकून.

२४ मे १९६२ रोजी पेटर्सन वारला. तो ४१ वर्षांचा होता. त्यानंतर पासरने रेव्ह्यूकडे पाठ फिरवली आणि थेट १९६७ साली, कोपनहेगनजवळच्या बाकेन या करमणूक-उद्यानातल्या सर्कस-रेव्ह्यूत, तो परतला. मधली पाच वर्षे त्याने चित्रपटांत काढली, आणि आज त्याचे म्हणून जे चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवले जातात त्यांतले बरेचसे याच काळातले आहेत. ज्या वर्षांत तो आपल्या खऱ्या कामापासून दूर होता त्याच वर्षांनी त्याची पडद्यावरची ओळख पक्की केली, ही यातली विसंगती मला फार बोचते.

जाणकारांनी भर घालावी. मतभेद असल्यास तेही अवश्य मांडावेत.

मृगजळ

लेख आवडला, पण मूळ प्रतिपादन मला मान्य नाही. रंगभूमीवरचे काम जपून ठेवता येत नाही म्हणून तेच अधिक थोर, असा एक भाबडा आदर आपण सगळेच बाळगतो. ज्याचा पुरावा उरलेला नाही ते वाटेल तितके मोठे करून सांगता येते. पासरचे चित्रपट समोर आहेत. ते पाहून बोलूया.

१९६३ सालचा 'फ्रोकेन निटूश' घ्या. मूळ फ्रेंच संगीतिका १८८३ ची, त्यामुळे कथा जुनाट आहे हे कबूल. पण पासरच्या वाट्याला आलेला सेलेस्टँ पाहा. दिवसा तो मुलींच्या मठातल्या शाळेत धर्मसंगीत शिकवणारा सोवळा ऑर्गनवादक असतो आणि रात्री 'फ्लोरिडोर' हे टोपणनाव घेऊन चटकदार संगीतिका रचणारा गुलछबू. मदर सुपीरियरसमोर त्याच्या पाठीचा कणा जणू दोन इंचांनी खचतो, हात एकमेकांत अडकतात, आवाज नाकात जातो. थिएटरच्या वाटेला लागला की हाच देह हळूहळू उलगडतो. एका माणसातली ही दोन माणसे दाखवताना तो कोठेही आरडाओरडा करत नाही. लोने हेर्ट्झ या अभिनेत्रीबरोबरचे त्याचे प्रसंग तर निव्वळ लयीवर चालतात, आणि तेथे पेटर्सन नाही, तरी काही अडत नाही.

दुसरे उदाहरण १९६२ च्या 'डेट टोसेडे पाराडीस'चे. एक चिमुकले बेट डेन्मार्कपासून स्वतंत्र झाल्याचे जाहीर करते, असा हा चावट आणि राजकीय दोन्ही अंगांचा विनोदी चित्रपट आहे. तो दिग्दर्शित केला गाब्रिएल अक्सेलने. याच अक्सेलच्या 'बाबेटेस गेस्टेबूड'ला पुढे सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. म्हणजे पासरबरोबर काम करणारे सगळेच पाट्या टाकणारे होते असे मानायचे कारण नाही.

वडाखालचे आबा

मृगजळ यांचा मुद्दा रास्त आहे, परंतु ते चित्रपट कोणत्या परिस्थितीत निघत होते तेही ध्यानात घ्यायला हवे. १९६० च्या सुमारास डेन्मार्कची लोकसंख्या साधारण ४६ लाख होती. एवढ्या लहान भाषेत नॉर्डिस्क, पॅलेडियम, आसा, सागा अशा कितीतरी कंपन्या चित्रपट काढत होत्या आणि खर्च वसूल व्हायचा तो मुख्यतः घरच्याच प्रेक्षकांकडून. मग ओळखीचे चेहरे, उन्हाळ्यातली बाह्यदृश्ये, दोन गाणी, एक लग्न आणि थोडक्या दिवसांत उरकलेले चित्रीकरण असा साचा ठरून गेला. या प्रकाराला तिकडे लोकविनोदिका म्हणतात आणि समीक्षक तिच्या नावाने बोटे मोडत. १९६४ च्या कायद्याने तिकिटांवरच्या आकारणीतून कलात्मक चित्रपटांसाठी निधी उभा केला, तेव्हा गंमत अशी झाली की पासरच्या चित्रपटांना जमलेल्या गर्दीचा पैसा त्याच्याकडे नाक मुरडणाऱ्यांच्या चित्रपटांना लागला.

या साच्यात पासरचे नाव इतके चालत असे की ते थेट शीर्षकात घातले जाई. १९६२ चा 'हान, हुन, डिर्क ओ दारिओ' आणि १९६५ चा 'पासर पासर पीयर' ही त्याची ठळक उदाहरणे. पहिल्यातला दारिओ म्हणजे गायक दारिओ कांपेओट्टो, ज्याने आदल्याच वर्षी युरोव्हिजन स्पर्धेत डेन्मार्कचे प्रतिनिधित्व केले होते. नटाच्या नावावर तिकीट खपते म्हटल्यावर पटकथेवर घाम गाळायला कोण बसतो?

रंगपेटी यांच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दा मांडतो. चित्रपटात नटाला आखून दिलेल्या खुणेवर उभे राहावे लागते, प्रकाश तिथेच असतो. संहितेबाहेर गेलेल्या नटामुळे फिल्म वाया जाते आणि फिल्म महाग असते. शिवाय सेटवर हसणारे कोणी नसते. हसू आले तर ते दाबायचे असते. ज्या नटाची सगळी गती प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून ठरते, त्याला तिथे अंधारात चेंडू झेलल्यासारखेच वाटत असणार.

कोपनहेगनकर

मी गेली काही वर्षे इथे राहतो, म्हणून बाकेनविषयी लिहितो. कोपनहेगनच्या उत्तरेला क्लाम्पेनबोर्ग स्थानकावर उतरले की समोरच हरणांचे विस्तीर्ण राखीव रान लागते आणि त्याच्या कडेला हे जत्रेसारखे करमणूक-उद्यान आहे. त्याचा आरंभ १५८३ चा सांगतात. तिवोली १८४३ चे, शहराच्या मध्यावरचे, आखीवरेखीव आणि तिकीट काढून आत जायचे. बाकेनला प्रवेशशुल्क नाही, तिथे कोणीही जावे, सॉसेज खात हिंडावे आणि हवे तर एखाद्या खेळाचे तिकीट घ्यावे. दोन्ही जागांच्या स्वभावातला हा फरक आजही जाणवतो.

सर्कस-रेव्ह्यू तिथे १९३५ पासून उन्हाळ्यात होते आणि नावाप्रमाणे ती खरोखरच तंबूत होते. पाऊस आला की कापडावरचा आवाज नटांच्या आवाजात मिसळतो. ए.बी.सी.सारख्या बंदिस्त थिएटरात भुवई उंचावून काम भागत असेल, पण बाकेनच्या तंबूत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे तर अंगच वापरावे लागते. १९६७ नंतरचा पासर अधिक देहबोलीचा, अधिक विदूषकी झाला असे जे म्हणतात त्यामागे मला हा तंबूही दिसतो. तिथे त्याला जे साथीदार लाभले त्यांत प्रेबेन कास आणि यॉर्गेन रूग हे दोघे महत्त्वाचे. रूग हा मूळचा जॅझ ट्रम्पेटवादक. त्यामुळे असेल कदाचित, पण त्याच्या स्वगतांतले थांबे ऐकत राहावेत असे आहेत.

या तिघांचा शेवट मात्र एकापाठोपाठ झाला. पासर सप्टेंबर १९८० मध्ये गेला, कास मार्च १९८१ मध्ये आणि रूग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. रेव्ह्यूची एक अख्खी पिढी वर्षभराच्या आत संपली. इथले वयस्कर लोक त्याविषयी अजून हळहळतात.

आणखी एक. डेन्मार्कमध्ये १९८८ पर्यंत देशभर दिसणारी दूरचित्रवाणी वाहिनी एकच, सरकारी. साठच्या दशकातल्या लोकविनोदिका तिने इतक्या वेळा दाखवल्या की पासरला रंगमंचावर कधीही न पाहिलेली पिढीसुद्धा त्याच्या लकबी करून दाखवते. म्हणजे रंगपेटी म्हणतात तो अर्धा पासरच इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, पण त्या अर्ध्यावरही लोकांचा जीव आहे.

अंकपडदा

आपल्या वाचकांसाठी या विषयात एक खरा धागा आहे आणि तो अजून कोणी ओढलेला नाही. १९५९ साली सागा कंपनीने पोउल बँगच्या दिग्दर्शनाखाली 'चार्ल्स टांटे' काढला आणि त्यात मावशीचे सोंग घेतले ते पासरने. मूळ नाटक ब्रँडन थॉमसचे 'चार्लीज आँट', १८९२ चे. लंडनमध्ये त्याचे सलग १४६६ प्रयोग झाले. हेच नाटक आचार्य अत्र्यांनी 'मोरूची मावशी' म्हणून मराठीत आणले. बापूराव माने यांनी ती मावशी आधी गाजवली आणि नंतरच्या पिढीला ती विजय चव्हाणांच्या रूपात ठाऊक झाली.

दोन तरुणांना आपापल्या प्रेयसींना घरी बोलवायचे आहे, घरात कोणी वडीलधारी बाई असल्याशिवाय त्या येणार नाहीत, आणि मावशी वेळेवर पोहोचत नाही म्हणून मित्राला लुगडे नेसवले जाते. एवढ्यावर नाटक उभे आहे. या भूमिकेतली मेख अशी की नटाने बाई म्हणून पूर्ण पटता कामा नये आणि पूर्ण उघडेही पडता कामा नये. विजय चव्हाण यांनी तो तोल लाडिकपणाने साधला: 'टांग टिंग टिंगा'वर नाचणारी त्यांची मावशी स्वतःच्याच सोंगाच्या प्रेमात पडत जाते. पासरकडे मुळातच ताडमाड देह आणि त्या देहाचे करायचे काय या विवंचनेत असलेला चेहरा. त्याची मावशी सोंगात रमत नाही, सोंगात अडकते. कपडे, टोप, म्हातारे चाहते, सगळे तिच्या अंगावर चालून येते. दोन्ही हसवतात, पण हशाची जात निराळी आहे.

इथे मृगजळ यांना दुजोरा द्यावासा वाटतो. हा चित्रपट पाहताना पासर कमी पडतो आहे असे एकदाही वाटत नाही.

ओटीवरून

धागा वाचते आहे. व्हिक्टर बोर्गही डेन्मार्कचाच ना? त्याचे पियानोचे विनोदी कार्यक्रम आमच्या घरी कॅसेटवर होते. तो जगभर पोहोचला आणि पासर पोहोचला नाही, यामागे गुणांचा फरक आहे की निव्वळ भाषेचा?

रंगपेटी

ओटीवरून, बोर्गचे उदाहरण बरे काढले. तो १९०९ चा, म्हणजे पासरच्या आधीच्या पिढीचा. तोही तीसच्या दशकात कोपनहेगनच्या रेव्ह्यूत आणि काही डॅनिश चित्रपटांत काम करीत होता. तो ज्यू होता, हिटलरवर उघड विनोद करीत होता, आणि जर्मन फौजा घुसल्या तेव्हा सुदैवाने स्वीडनमध्ये होता. तिथून फिनलंडच्या पेट्सामो बंदरातून तो अमेरिकेला गेला. इंग्रजी त्याने चित्रपटगृहांत बसून शिकली. पण त्याच्याजवळ पियानो होता, आणि पियानोला भाषांतर लागत नाही. १९५३ साली न्यूयॉर्कच्या गोल्डन थिएटरात सुरू झालेल्या त्याच्या एकपात्री कार्यक्रमाचे ८४९ प्रयोग झाले, आणि त्या वेळी पासर ए.बी.सी.च्या दिशेने वाटचाल करीत होता. देश सोडण्याची सक्ती त्याच्यावर कधी आली नाही, आणि त्याचा विनोद डॅनिश बोलण्याच्या चालीत इतका रुतलेला होता की तो उपटून दुसरीकडे लावणेही कठीणच होते.

आता मृगजळ आणि अंकपडदा यांच्या आक्षेपाविषयी. 'निटूश' आणि 'मावशी' हे दोन्ही चित्रपट मलाही आवडतात. परंतु दोन्हींचा सांगाडा मूळचा रंगभूमीचा आहे, हे योगायोगाने घडलेले नाही. तिथे पासरला टेकायला घट्ट बांधलेली संहिता मिळाली. पेटर्सनने जे काम केले असते ते तिथे नाटककारांनी करून ठेवले होते. सागा किंवा आसाने ऐनवेळी जुळवलेल्या पटकथांत तो आधार नसतो, आणि मग पासर वाकडी तोंडे करून वेळ मारून नेतो. म्हणून माझे म्हणणे थोडे नेमके करते: त्याला भिंत हवी होती. ती माणसाची असो की संहितेची.

मृगजळ

हे पटण्यासारखे आहे. मात्र मग १९६७ च्या 'माय ओ मीन लिलेब्रोर'ला तुमच्या हिशेबात जागा करावी लागेल. त्यात पोउल राइकहार्ट हा डॅनिश सिनेमाचा जुना, भारदस्त नायक त्याचा भाऊ झाला आहे, आणि जोडी इतकी जमली की आणखी दोन भाग निघाले. राइकहार्ट विनोद करण्याच्या फंदात पडत नाही, तो नुसता थोरल्या भावासारखा वागतो. पासर कसा फुलला आहे पाहा. चित्रपट म्हणून तो सामान्यच आहे, पण भिंतीचा तुमचा सिद्धान्त त्यातही लागू पडतो.

काजळमाया

सगळेजण विनोदाविषयीच बोलत आहेत. पासरने गंभीर काम करण्याचा जो प्रयत्न केला त्याचा उल्लेखही आलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन'च्या नाट्यरूपात त्याने लेनीची भूमिका केली आणि प्रेक्षक हसले. २०११ साली मार्टिन झान्डव्लिट या दिग्दर्शकाने काढलेल्या 'डिर्क' या चरित्रपटात तो प्रसंग आहे, आणि तो पाहून माझ्या पोटात तुटले. त्या चित्रपटात पासर झाला आहे निकोलाय ली कास, ज्याला आपल्यापैकी अनेकांनी 'डिपार्टमेंट क्यू'च्या गुन्हेपटांत रापलेला पोलीस अधिकारी म्हणून पाहिले असेल. आणि हा निकोलाय म्हणजे वर कोपनहेगनकरांनी उल्लेख केलेल्या प्रेबेन कासचा मुलगा. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. वडिलांच्या रंगमंचावरच्या सोबत्याचे आयुष्य त्याने उभे केले आहे, हे ठाऊक असले की त्याच्या डोळ्यांतली सावधगिरी वेगळी वाटू लागते.

मला वाटते, हसवणाऱ्या माणसाच्या आत एक दुःखी माणूस होता आणि प्रेक्षकांनी त्याला कधी बाहेर येऊ दिले नाही, हीच पासरची खरी गोष्ट आहे.

वडाखालचे आबा

काजळमाया, तुमच्या भावनेचा मान राखून थोडे वेगळे सांगतो. 'आतून रडणारा विदूषक' हे चित्र चरित्रपटांना फार सोयीचे असते, कारण त्याला सुरुवात, मध्य आणि शेवट आयता मिळतो. झान्डव्लिटचा चित्रपट मलाही आवडला. लार्स रांथेने केलेला पेटर्सन तर मुख्य भूमिकेच्या तोडीचा आहे. पण लेनीला लोक का हसले याचे उत्तर प्रेक्षकांच्या निर्दयतेत शोधण्याआधी ती भूमिका उघडून पाहावी.

लेनी कोण आहे? प्रचंड देहाचा, मनाने लहान मूल असलेला शेतमजूर. त्याला मऊ वस्तू कुरवाळायला आवडतात आणि आपल्या हातांत किती जोर आहे हे त्याला कळत नाही. जॉर्ज हा त्याचा सोबती त्याला तेच ते पुन्हा समजावून सांगतो, चिडतो, पुन्हा सांगतो. लेनी मान डोलावतो आणि विसरतो. आता हे रंगपेटी यांनी केलेल्या केलरडिर्क जोडीच्या वर्णनाशेजारी ठेवून वाचा. देह तोच, निरागसपणा तोच, समोर चिडणारा सोबतीही तोच. जी सामग्री दहा वर्षे हशासाठी वापरली तीच पासरने शोकांतिकेसाठी मांडली, आणि प्रेक्षकांचे कान त्या सुरांना एकाच पद्धतीने दाद देण्यास सरावलेले होते. त्याने एखादा कावेबाज सावकार किंवा थंड डोक्याचा न्यायाधीश केला असता तर कदाचित सभागृह चूप बसले असते. भूमिकेची निवड इतकी अचूक होती की त्या अचूकतेनेच घात केला.

काजळमाया

आबा, असा विचार मी केला नव्हता. तरीही एक शंका राहतेच. लोक हसले तेव्हा त्याने सोबत्याच्या खांद्याला धरून तोच लेनी पुढे महिनोन्‌महिने केला असता, तर प्रेक्षक हळूहळू शिकले नसते का? रेव्ह्यूत तो प्रेक्षकांना क्षणात फिरवू शकत होता, मग इथे का नाही?

रंगपेटी

कारण रेव्ह्यूत तो प्रेक्षकांना फिरवत होता तो त्यांच्या हशावर स्वार होऊन. प्रहसन बिघडले की पासर ते बिघडल्याचेच प्रहसन करीत असे. हशा कोणत्याही दिशेने आला तरी तो त्याच्या खात्यात जमा होई. लेनीच्या भूमिकेत नेमका हाच मार्ग बंद. तिथे हशाला उत्तर द्यायचे नाही, तो ऐकूच आला नाही असे वागायचे, हे त्याच्या सगळ्या सवयींच्या विरुद्ध होते. मला तर वाटते की प्रेक्षकांइतकेच त्याला स्वतःलाही शांततेत उभे राहणे अवघड गेले असावे.

पाणकळा

धागा उत्तम चालला आहे. डॅनिशचे ओ की ठो कळत नसलेल्या माणसाने सुरुवात कोठून करावी, हे कोणी सांगेल का? चरित्रपट पाहिला आहे. मूळ पासर पाहायचा आहे.

रंगपेटी

पाणकळा, सुरुवात 'रशियन विदूषक' या प्रवेशापासून करावी. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात पासर विदूषकाच्या वेशात येतो आणि रशियन वाटेल अशा, पण एकाही शब्दाला अर्थ नसलेल्या भाषेत बोलत सुटतो. तिथे बसलेल्या डॅनिश प्रेक्षकांना जितके कळत होते तितकेच तुम्हाला कळेल. बघताना त्याच्या तोंडाकडे कमी आणि थांब्यांकडे जास्त लक्ष द्यावे: तो एखादे लांबलचक वाक्य फेकतो, मग जणू आता हशा यायला हवा होता अशा नजरेने सभागृहाकडे पाहतो, आणि त्या पाहण्यालाच हशा येतो. तो ओसरू लागला की पुढचे वाक्य. एक अक्षरही कळत नसताना आपण एखाद्या गोष्टीत गुंतत जातो, आणि मृगजळ यांना हवा असलेला रंगभूमीचा पुरावा तो हाच.

त्यानंतर 'फ्रोकेन निटूश', कारण कथा सोपी आहे आणि संगीत आहे. मग 'चार्ल्स टांटे', कारण 'मोरूची मावशी' पाठ असलेल्याला उपशीर्षकांची गरजच पडू नये. ए.बी.सी.तली पेटर्सनबरोबरची प्रहसने शेवटी ऐकावीत. ती बोलण्यावर उभी आहेत, त्यामुळे भाषा न कळता फक्त दोघांच्या आवाजांची चढउतार हाती लागेल, पण तेवढीही ऐकण्यासारखी आहे.

कोपनहेगनकर

त्यात एक पुस्ती जोडतो. १९७५ ते १९७७ दरम्यानचे 'पीयर इ ट्रॉयेन' आणि त्याचे पुढचे भाग, म्हणजे सैन्यात भरती झालेल्या मुलींचे चित्रपट, इथे अजूनही दूरचित्रवाणीवर लागतात आणि नवखा माणूस हमखास त्यांनाच आधी धडकतो. गणवेशातला पासर त्यांत ओरडतो, पडतो, डोळे वटारतो. ते सुरुवातीला पाहू नयेत. त्याच सुमारास संध्याकाळी हाच माणूस रेव्ह्यूच्या मंचावर काय करत होता हे आधी पाहून घ्यावे आणि मग हवे तर तिकडे वळावे.

मृगजळ

या यादीशी सहमत. फक्त 'डेट टोसेडे पाराडीस' वगळू नका. रंगपेटी यांनी तो जाणूनबुजून टाळला आहे, कारण तो मूळ नाटकावरून नाही आणि तरीही चांगला आहे.

रंगपेटी

टाळलेला नाही, मृगजळ. अक्सेल स्वतःच पुरेशी भक्कम भिंत होता. तो 'निटूश'च्या आधी पाहिला तरी चालेल.